पल्याडची मळई

आमच्या मालकांसारखा भोळा मानूस आख्ख्या कोल्हारात न्हाई. लोक कौतुकानं म्हनत्यात. माझी मातर तळपायाची आग मस्तकात जाती.

प्रवरा आमच्या रानापाशी वळती. वळनाच्या अल्याड आमचा ऊस, पल्याड धाकट्या दिराचं, गोरक्षनाथचं रान. मागं भावजींनी इहीर खोदली. निघालेले धोंडे कुठं टाकायचे? "नदीत टाकतो, माझ्या काठाला आडोसा हुईल," म्हनले. आन् ते धोंडे वाहिले कुनी? आमच्या मालकांनी! ट्रॅक्टर आपला, डिझेल आपलं. भावापायी जेवायचंबी भान न्हवतं.

ढीग पार पात्रात आला. त्याला थटून पानी सरळ आमच्या काठावर यायला लागलं. पानी लई लबाड. आधी खालून पोखरतं. वर ऊस डौलात उभा, मानसाला वाटतं समदं ठीक हाय. मग एक दिवस धाडदिशी कड बसती. बघता बघता निम्मं रान गेलं. पल्याड ढिगाच्या आडोशाला पानी संथ, तिथं आमच्या रानाचा गाळ बसला, मळई झाली. भावजींनी तिच्यात वांगी लावली आन् जावेनं, भागूबाईनं, पाटीभर वांगी आमच्याकडं धाडली. मी पाटी तशीच गुरांपुढं वतली.

औंदा कड आमच्या इहिरीपाशी आली. इहीर गेली की उरलेलं रान असून नसल्यासारखं. मी मालकांना म्हनलं, "पावसाआधी धोंडे काढायला सांगा. सख्खा भाऊ हाय तुमचा."

"नदी हाय ती, मुक्ता. तिला कोन काय सांगनार?"

"नदीला नका सांगू. गोरखला सांगा!"

शेवटी मीच पूल वलांडून गेले. भावजी लई गोड बोलले. "वयनी, दादाला एकदा म्हनू द्या, उद्याच जेसीबी लावतो." मग मी मालकांना हाताला धरून तिकडं नेलं.

"काढू का, दादा?" भावजींनी इचारलं. "माझी मळई मातर वांग्यांसकट वाहून जाईल."

मालकांनी भावाकडं बघितलं, माझ्याकडं न्हाई.

"राहू दे, गोरख," म्हनले. "तुझं नुकसान नको."

आपलेच दात, आपलेच ओठ. भांडू तरी कुनाशी?

श्रावनात धरनातनं पानी सुटलं आन् इहीर कडेसकट खाली गेली. रान पडीक पडलं. आता आमी दोघं भावजींच्या मळईत रोजानं खुरपायला जातो. चूल तर पेटायला पायजे.

काल दुपारी भाकरी खाताना मालकांनी मूठभर माती उचलली, बोटांत चुरडून बघितली.

"गोरखची माती लई कसदार निघाली," म्हनले. "न्हाई का गं?"