विसाव्या फॉर्मचा सूड

यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. बसलाच, तर तुमच्या डोक्याची काळजी करावी लागेल. खुर्च्या जरा पुढे ओढा. खिडकीपाशी वर्तमानपत्र पसरून बसलेल्या त्या गृहस्थांकडे बघू नका. रविवारच्या जेवणानंतर ते वर्तमानपत्र वाचत नाहीत, त्याच्या आड झोपतात. कागद वरखाली होतोय ना, तो श्वासाने.

तर एक बाइंडर होता. जिन्याखालच्या खोलीत त्याचं दुकान. खोली एवढी अरुंद, की शिंक आली तर दाराबाहेर जाऊन द्यावी लागे. एका भिंतीला पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, दुसरीला कागद कापायचं यंत्र, मधे टेबल आणि टेबलावर सरसाचं भांडं. सरस तो स्वतः शिजवायचा. एकदा एक गिऱ्हाईक टेबलाला टेकून गप्पा मारत उभं राहिलं आणि निघालं ते टेबलासकट. टेबल परत आणायला दोन माणसं लागली आणि गिऱ्हाईक सोडवायला चार.

छापखान्यातून त्याच्याकडे मोठाले ताव यायचे. एका तावावर सोळा पानं. ताव घडी घालून पुस्तकाच्या पानाएवढा झाला, की त्याला म्हणायचं फॉर्म. असे वीस फॉर्म एकावर एक रचून शिवले, की झाली तीनशेवीस पानांची कादंबरी. पण सपाट तावावर पानं ओळीने नसतात हो! पहिल्याच्या शेजारी सोळावं, तेराव्याच्या शेजारी चौथं, निम्मी डोक्यावर उभी. आणि बाइंडरला वाचायचा भारी नाद. सरस वाळेपर्यंत करायचं काय? तो ताव तसेच वाचायचा, जसे समोर येतील तसे. वीस वर्षं असं वाचून त्याच्या स्वभावालाही तशीच घडी पडली. कोणाकडे गेला तर आधी "येतो मग" म्हणायचा आणि नंतर दार वाजवायचा. लग्न ठरवायला गेला तेव्हा मुलीला आधी म्हणाला, "झालं गेलं विसर आता," आणि मग नाव विचारलं. तिने तरीही होकार दिला. का दिला, ते तिने अजून सांगितलेलं नाही.

दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, वाचनालय. आणि तिथले ग्रंथपाल म्हणजे त्याच बायकोचे थोरले भाऊ, बाइंडरचे सख्खे मेहुणे. दर रविवारी मेहुणे जेवायला येत आणि जेवण झालं की बुद्धिबळाचा एक डाव. डाव नावाला. खरी मजा गप्पांची. दोघांनाही सुडाच्या कादंबऱ्यांचं वेड. कोणी कोणाचं घर जाळलं, कोण तीस वर्षांनी वेषांतर करून परत आलं, असल्या गोष्टींवर तासन्‌तास बोलायचे. अख्ख्या गावात पुस्तकांवर बोलायला बाइंडरला दुसरं माणूस नव्हतं. बाकीचे त्याच्याशी पुठ्ठ्यावर बोलत.

मेहुण्यांचा एक आवडता सिद्धांत होता. प्यादं पुढे सरकवत ते म्हणायचे, "भावजी, माणसाला स्वतः सूड घ्यायचा नसतो. दुसऱ्याने घेतलेला उशीला टेकून वाचायचा असतो."

माणूस गुणी, पण एक खोड होती. शेवट त्यांच्या पोटात राहत नसे. पुस्तक हातात देतानाच सांगून टाकायचे. वाचनालयात बाया त्यांच्यासमोर कानात बोटं घालून पुस्तक बदलायला जायच्या.

त्या रविवारी बाइंडर एका जाडजूड कादंबरीच्या शेवटच्या सोळा पानांवर आला होता. चार महिने सरस वाळण्याच्या हिशोबाने वाचत आणलेली. संध्याकाळी निवांत बसून संपवायची, म्हणून त्याने दोन दिवस स्वतःला आवरून धरलं होतं. जेवताना मेहुण्यांनी विचारलं,

"काय भावजी, झाली का ती?"

"सोळा पानं राहिलीत. बोलू नका."

"छे छे, मी कशाला बोलतोय! फक्त एवढंच म्हणतो, की त्या मुखवट्यामागे त्याचा सख्खा मामा असेल असं मला तरी वाटलं नव्हतं बुवा."

बाइंडरने घास परत ताटात ठेवला. बायको म्हणाली, "दादा!" मेहुण्यांनी जीभ चावली आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. ही आठवी वेळ होती. आठवी!

बाइंडरने त्या दिवशी ठरवलं. सूड. पुस्तकातल्यासारखा, बांधीव, पक्का.

पण घ्यायचा कसा? शेवट फोडायला मेहुण्यांनी न वाचलेलं पुस्तक तर हवं, आणि तसं पुस्तक जगात शिल्लक कुठे होतं? बाइंडर दबा धरून बसला. दोन महिन्यांनी छापखान्यातून एक नवी कोरी कादंबरी आली. विषय सूडच. एक नावाडी आपल्या बापाच्या मारेकऱ्याला सात नद्यांवर शोधतो. वाचनालयाने आपली प्रत पक्क्या बांधणीची मागवली होती, आणि मेहुणे रोज दोनदा रस्ता ओलांडून विचारत, "झाली का?"

"सरस वाळतोय," बाइंडर म्हणायचा.

सरस कधीच वाळला होता. बाइंडर विसावा फॉर्म बाजूला काढून बसला होता, तीनशेपाचपासून शेवटपर्यंतचा. त्याने तो वाचला आणि पायरीवर बसून अर्धा तास नुसता आकाशाकडे बघत राहिला. असा शेवट त्याने जन्मात वाचला नव्हता. मग उठला आणि तो फॉर्म त्याने शिकंज्याच्या फळीखाली दडवला.

आता त्या जागी काहीतरी घालायला हवं. फळीवर गुलाबाच्या लागवडीच्या पुस्तकाचे जादा छापलेले फॉर्म पडून होते. आकार तोच, कागद तोच. त्यातला तिसरा त्याने उचलला. आणि पठ्ठ्याची हुशारी बघा! प्रत्येक फॉर्मच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात फॉर्मचा आकडा असतो, बाइंडरला क्रम कळावा म्हणून. त्याने पात्याच्या टोकाने तिथला तीन खरवडला आणि बारीक लेखणीने वीस लिहिला. भिंगातून बघितलं तरी कळू नये इतका सुबक. मग शिवलं, पाठीला सरस लावला, कडा कापल्या आणि वर लाल कापडाची बांधणी चढवली.

तीनशेचारावं पान संपायचं ते असं: 'इतक्या वर्षांचा दाह त्याच्या मुठीत एकवटला. त्याने सुरा उगारला आणि'

पुढच्या पानावर सुरुवात: 'वाळलेल्या फांद्या आधी काढाव्यात. हात हलका असावा. घाई करू नये. छाटणीनंतर मुळाशी बेताचं पाणी द्यावं.'

आणि तशीच सोळा पानं.

बेत साधा होता. मेहुणे सुऱ्यापाशी येतील, धाडकन आपटतील आणि रस्ता ओलांडून धावत येतील. "भावजी, शेवटचा फॉर्म!" म्हणून गयावया करतील. मग बाइंडर शांतपणे चष्मा पुसेल आणि भर रस्त्यात, मोठ्या आवाजात, शेवट सांगून टाकेल. आठ शेवटांची एकदम परतफेड.

बायकोने फळीखालचा कागद पाहिलाच. "हे काय?"

"सूड आहे. हात लावू नकोस."

"सूड एवढासा?" ती म्हणाली. "मला वाटलं काही मोठं असेल. आणि दादा चिडला, येणं बंद केलं, तर रविवारी बोलणार कोणाशी? माझ्याशी? मी तर शेवट आधी वाचून मग ठरवते, पुस्तक घ्यायचं की नाही."

बाइंडरला ते पटलं खरं. पण पुस्तक रस्ता ओलांडून गेलं होतं.

सोमवारी तो दारात खुर्ची टाकून बसला. मेहुणे आले नाहीत. मंगळवारी नाहीत. शनिवारपर्यंत त्याची मान समोरच्या दाराकडे वळून तशीच अडकली, ती सरळ करायला बायकोला शिकंजा वापरावा लागला. रविवारी मेहुणे नेहमीसारखे जेवायला आले. हात धुतले, बसले, आणि डोळे मिटून म्हणाले,

"भावजी, काय शेवट केलाय!"

बाइंडरने विचारलं, "क... कसा?"

"सुरा उगारतो, आणि बागेत जातो हो! शत्रूच्या बागेत! वाळलेल्या फांद्या छाटतो. हात हलका ठेवतो. एवढा राग, आणि मुळाशी काय, तर बेताचं पाणी! मी तर रडलो. असा लेखक होणे नाही."

आता सांगा. सूड घेतला, तो लागलाही, आणि ज्याला लागला तोच गालात हसत दुसरी वाढ मागतोय. त्याला पत्ताच नाही, तर तो सूड कसला? आणि सांगायचं तरी कसं, "अहो, ती माझी लबाडी आहे" म्हणून? सांगावं तर मेहुणे तुटतात, न सांगावं तर स्वतः फुटतो. खरा शेवट त्याच्या पोटात, आणि तो ज्याच्याजवळ बोलावा असा जगात एकच माणूस, तो समोर बसून गुलाबाचं खत चघळतोय!

बाइंडरचं पोट फुगू लागलं. अक्षरशः. दर रविवारी एक बोट. सदऱ्याची बटणं उडायची, एक तर बुद्धिबळाच्या पटावर पडलं आणि मेहुण्यांनी ते उंट समजून मारलं. डॉक्टरने पोटाला नळी लावून ऐकलं आणि म्हणाला, "आत कोणीतरी होडी वल्हवतंय."

आणि तिकडे त्या पुस्तकाने गावात काय धुमाकूळ घातला म्हणता! वाचनालयाबाहेर रांग लागली, ती वळून बाइंडरच्या दुकानातून आत शिरून मागच्या खिडकीने बाहेर पडायची. शिंपी आणि घड्याळजी एका शिडीवरून नऊ वर्षं अबोला धरून होते. शिंप्याने ते पुस्तक वाचलं, कापडाची कात्री उचलली आणि न विचारता घड्याळजीच्या अंगणातला गुलाब बुडख्यापर्यंत छाटून आला. घड्याळजी काठी घेऊन धावला. पण पुढच्या हंगामात त्या झाडाला इतकी फुलं आली, की घड्याळजीचं दार उघडेना. शेवटी शिंप्यानेच शिडी लावून त्याला माडीवरून उतरवलं. कोणती शिडी? तीच! मग काय, गावभर लोक कात्र्या घेऊन वैऱ्यांची अंगणं शोधत फिरू लागले. ज्याला वैरी नव्हता त्याची झाडं वाढून रानटी झाली, तो बिचारा लोकांशी मुद्दाम भांडणं उकरून काढायचा.

अकरा वर्षं झाली याला. त्या कादंबरीची दुसरी प्रत कुठे मिळत नाही. प्रकाशक आता नुसत्या वह्या छापतो. विसावा फॉर्म अजून शिकंज्याच्या फळीखाली आहे. बाइंडर अजून दर रविवारी गप्प बसून हरतो. आणि मेहुणे? त्यांना आजतागायत काही म्हणता काही कळलेलं नाही. गुलाबाचं गुणगान करत ते सुखाने जेव...

"खोटं!"

खिडकीपाशी वर्तमानपत्र खाली आलं. त्यामागे ग्रंथपाल लख्ख जागे होते.

"साफ खोटं, भावजी! कसली रांग, आणि कसला शिंपी? ते पुस्तक अकरा वर्षं माझ्या टेबलाच्या खणात कुलपात पडलंय. माझ्याशिवाय एकाही माणसाने ते उघडलेलं नाही. आणि मला कळलं नाही म्हणे! फॉर्मचा आकडा खरवडलात, जो तुमच्याशिवाय पृथ्वीवर कोणी बघत नाही. आणि पानाचा आकडा? तीनशेचारनंतर तेहतीस! पानं मोजल्याशिवाय मी पुस्तक कपाटात लावतो का? पहिल्या दिवशी, पहिल्या मिनिटाला कळलं. म्हटलं, बसू दे यांना फुगत. तो माझा सूड होता. पण अकरा वर्षं, अहो, अकरा वर्षं तो नावाडी माझ्या डोक्यात सुरा उगारून उभा आहे, हात दुखले असतील त्याचे! चला, उठा, काढा तो फॉर्म. आणि भावजी, तोंडातून एक अक्षर काढाल तर याद राखा. शेवट माझा मी वाचणार!"