झेंडूच्या आसऱ्याला

कार्तिकातल्या सकाळी गंगेवरचं धुकं मंगलागौरीच्या देवळाच्या पायऱ्या चढून आमच्या परसात येई, तेव्हा त्या करड्या उजेडात सर्वांत आधी दिसत काकूची बोटं. वालाची पानं एकेक करून उलटणारी, दवाने भिजलेली, झेंडूच्या उग्र दर्पाने माखलेली.

तरुणपणीच वैधव्य आलेली काकू कोकणातून काशीवासाला आली, ती मूठभर वालाचं बी घेऊन. पुढे साथीत तिचं माहेर निर्मनुष्य झालं आणि तेवढं बीच तिचं म्हणून उरलं. दर पावसाळ्याअखेर ती ते लावी, आणि दर हिवाळ्यात हिरव्या अळ्या शेंगा पोखरीत. पुढच्या साली लावण्यापुरते दाणेसुद्धा कमी पडू लागले होते. तरी ती अळी मारत नसे. दोन बोटांत अलगद उचलून भिंतीलगतच्या, देवीसाठी लावलेल्या झेंडूवर नेऊन सोडी.

“अरे, काशीत येऊन का कुणाला मारायचं? बिचारी जाणार कुठे? इथं सगळेच तर आसऱ्याला आलेत,” ती म्हणे.

त्या सगळ्यांत ती स्वतःलाही धरी, हे मला तेव्हा कळलं नाही. दिराच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या घरात ती भांड्याचाही आवाज होऊ न देता वावरे. तिला हाक मारण्याचं कारण कुणाला क्वचितच पडे.

मी सरकारी शेतकी कॉलेजातून किड्यांची विद्या शिकून नुकताच परतलो होतो आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. शेंगा नसल्या की ही अळी झेंडूच्या फुलांवर जगते, मातीत कोश करते आणि पतंग होऊन वालाच्याच फुलांवर अंडी घालायला परतते, हे मी तिला मोठ्या ऐटीत समजावलं.

“तू त्यांना घालवत नाहीस, काकू, पोसतेस. असंच चाललं तर येत्या साली लावायला बी राहणार नाही.”

मग झेंडू तिने स्वतःच्या हातांनी उपटला, आणि त्या दिवसापासून अळ्या वेचून घासलेटाच्या पाण्यात टाकू लागली.

त्या वर्षी शेंगा टचटचीत भरल्या. माझा आनंद गगनात मावेना. दाणे वाळवून, निवडून तिने ते सगळेच्या सगळे माझ्या ओंजळीत ओतले.

“आता तूच लाव, बाबा. माझे हात त्या लायक राहिले नाहीत.”

अळ्या मारू लागल्या दिवसापासून देवीच्या देवळात जाणंही तिने सोडलं होतं, ते मला तेव्हा कुठे उमगलं. मला फार लाज वाटली.

त्यानंतर कित्येक वर्षं ती आमच्यात होती, पण परसात पुन्हा उतरली नाही. मी सांगितलं ते खरंच होतं, आणि तरीही ते सांगायला नको होतं असं आजही वाटतं. मृत्यूने तिला नेलं ते फार पुढे; माणसं त्याआधीच कधीतरी आपल्यातून उठून जातात, आणि काळ कितीही सरला तरी आठवण त्या पहिल्या जाण्यापाशीच उभी राहते.