आठ पानं मागे

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जन्माने बिस्किटांचा. झाकणावर दोन बदकं होती, त्यातल्या एकाची आता नुसती चोच उरली आहे. बिस्किटं चार दिवसांत संपली, मी भंगारात जाणार होतो, तेवढ्यात बाईंनी मला उचललं. तेव्हापासून माझ्या पोटात कार्डं असतात.

बाई सूची करतात. अभ्यासाच्या जाडजूड पुस्तकांच्या शेवटी बारीक अक्षरांत शब्द आणि त्यांच्यापुढे पानांचे आकडे असतात ना, ती सूची. तुम्ही तिथवर बहुधा पोचतच नाही; असो. प्रकाशनाकडून पानांचे आकडे घातलेली कच्ची प्रत आली की बाई डोळ्यांत तेल घालून ओळ न ओळ वाचतात, एकेका शब्दाचं कार्ड करतात आणि मला भरवतात. बत्तीस वर्षांत मी एकशे दहा पुस्तकं पचवली. तुमची सूची असली की पुन्हा तपासावं लागत नाही, असं कुणी म्हटलं की बाई माझ्या झाकणावर टिचकी मारत. कौतुक कुणाला नको असतं?

एकशे अकरावं पुस्तक गवतांचं होतं. ते लिहिणारे सर आता थकले होते, तरी स्वतः जिने चढून आले. पाणी प्यायले, हवापाण्याचं बोलले आणि मग हळूच मूळ विषयावर आले. त्यांच्या बायकोने चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर माळ तुडवले होते, गवतं वाळवून कागदावर चिकटवली होती. एक गवत तर तिनेच प्रथम पाहिलं होतं. ती आता नव्हती, आणि एवढ्या पुस्तकात तिचं नाव एकदाच आलं होतं.

"एकच पान आहे. पण सूचीत घ्याल ना तिला?" सरांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्यासमोरच कार्ड लिहिलं. पान दोनशे बारा.

सूची पाठवण्याआधी त्यांनी संपादकांना फोन करून विचारलंसुद्धा, की आता पानं हलणार नाहीत ना? काळ्या दगडावरची रेघ समजा, असं ते म्हणाले.

छापलेलं पुस्तक घरी आलं तेव्हा बाईंनी सवयीप्रमाणे पाच शब्द तपासले. पाचही चुकले. पुस्तक फार जाड होतंय म्हणून ऐन वेळी चित्रांची आठ पानं काढली होती आणि बाईंना कळवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. पन्नासाव्या पानापुढचे सगळे आकडे खोटे झाले. माझ्या पोटात नऊशे कार्डं होती आणि मी काय करणार? मला फक्त वाजता येतं, तेही कुणी हलवलं तर.

संपादक माणूस वाईट नाही. त्यांनी मनापासून माफी मागितली. पण पाचशे प्रती वाचनालयांत पोचल्या होत्या, त्या परत मागवायला वरचे तयार नव्हते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, पुढच्या पुस्तकांच्या सूच्या संगणकच करील, हेही त्यांनी फोन ठेवता ठेवता सांगून टाकलं.

त्याच आठवड्यात सर आले, नवं पुस्तक छातीशी धरून. बाई काही बोलायच्या आत त्यांनी सूची उघडली, बायकोच्या नावावर बोट ठेवलं आणि हसले. मग दोनशे बारावं पान काढलं. तिथे वाळवीची माहिती होती. त्यांनी चष्मा पुसला आणि पान पुन्हा वाचलं.

बाईंनी सगळं सांगितलं. पेन्सिलीने त्यांच्या प्रतीत दोनशे बारा खोडून दोनशे चार लिहिलं.

"बाकीच्या प्रतींत?"

बाईंनी पेन्सिल माझ्या झाकणावर ठेवली.

"असू दे," सर म्हणाले. "आत कुठेतरी आहे ना ती." आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले.

बाईंनी ते कार्ड परत माझ्यात ठेवलं. टिचकी मारली नाही. आता मी कपाटावर असतो आणि माझ्यावर धूळ असते, त्याचं मला फारसं काही नाही.

पण मित्रांनो, तुमच्या वाचनालयात गवतांचं एक जाड पुस्तक असेल. कुणी त्याला हात लावीपर्यंत ते तसंच कोरं पडून राहील. तुम्ही तेवढं उघडा. सूचीत एका बाईचं नाव दिसेल, पान दोनशे बारा. तिथे ती सापडणार नाही. म्हणून लगेच पुस्तक मिटू नका. आठ पानं मागे या. ती तिथे आहे.