पूर्णविरामानंतर दोनदा

मी बोलतेय खरी, पण मी हे सांगायला नको होतं. कीबोर्डवरच्या कळांचा एक अलिखित नियम आहे: बोटांनी जे दिलं ते पडद्यापर्यंत पोचवायचं आणि विसरून जायचं. पासवर्ड तर आधी विसरायचे. अक्षरांच्या कळा हा नियम फार मानतात. माझ्यावर मात्र एकही अक्षर नाही. मी सगळ्यात खालच्या ओळीतली, सगळ्यात लांब, कोरी कळ. दोन शब्दांमध्ये जी मोकळी जागा असते ना, ती माझी. आणि मोकळ्या जागेबद्दल बोललं तर गुपित फुटत नाही, अशी मी माझ्यापुरती समजूत काढली आहे.

माझा जन्म कारखान्यात, एका साच्यात झाला. अक्षरं छापणारं यंत्र जवळ आलं तेव्हा मीही अंग सावरून तयार राहिले होते. ते माझ्यावरून तसंच पुढे गेलं. फार वाईट वाटलं. पण दोन वर्षांत शेजारणींची अक्षरं झिजून अर्धी झाली आणि माझं काहीच झिजलं नाही, तेव्हा ते दुःख गेलं.

मला ज्या बाईंनी विकत घेतलं त्यांना त्यांची लेक आई म्हणते, म्हणून मीही आईच म्हणते. आई टायपिस्ट. पूर्वी कचेरीत होती, आता खिडकीजवळच्या टेबलावर बसून लोकांची हस्तलिखितं टाइप करून देते. दहाही बोटं चालवते आणि खाली बघत नाही. माझं नातं तिच्या उजव्या अंगठ्याशी. शब्द संपला की तो माझ्यावर एकदा पडतो. पण पूर्णविराम आला की दोनदा पडतो, ठक-ठक. तरुणपणी टायपिंगच्या क्लासमध्ये लागलेली सवय. आईला विचारलंत तर ती म्हणेल, "छे, एकदाच दाबते मी." पापणी किती वेळा मिटली हे कुणी मोजतं का?

लेक संगणकातली. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली बसवून देणारा जो प्रोग्राम असतो, इन्स्टॉलर, त्यावर ती आणि देशोदेशीचे तिचे मित्र फुकट काम करतात. 'फुकट' हा आईचा शब्द. लेक 'स्वेच्छेने' म्हणते. त्या इन्स्टॉलरमध्ये डिस्कला कुलूप लावायचा एकच साधा पर्याय होता. लेकीने खपून आणखी दोन घातले: एक मध्यम आणि एक कडक. कडक म्हणजे अख्खी डिस्क कुलपात. ठरलेलं वाक्य टाइप केल्याशिवाय संगणक सुरूच होणार नाही.

"आई, तुझ्या मशीनवर लावून बघू?"

"माझ्याकडे काय सोनं आहे?"

"डॉक्टरांचं पुस्तक आहे की."

हे डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर, निवृत्त. वय ब्याऐंशी. पन्नास वर्षांत गाई, म्हशी आणि एका उंटाने जे शिकवलं ते त्यांनी वहीत लिहून काढलं होतं. रोज दहा पानं आणून द्यायचे आणि टाइप झाली की परत न्यायचे, पोपटाच्या पिंजऱ्यात अंथरायला. "छापील झाल्यावर माझं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर कशाला जपायचं?" असं म्हणायचे. आता त्यांना डोळ्यांनी धड दिसत नाही. पुन्हा लिहायचं म्हटलं तर एक पान होणार नाही. म्हणजे ती तीनशे बारा पानं जगात एकाच ठिकाणी होती, आमच्या संगणकात.

लेकीने सगळं पेनड्राइव्हवर काढलं आणि नवं लिनक्स बसवायला घेतलं. "आता इंग्रजी अक्षरांत एक लांबलचक वाक्य घाल. दोन वाक्यं असली तर उत्तम."

आईने दोन वाक्यं घातली. टायपिस्ट ती, पूर्णविरामासकट घातली. पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटत होते. मधल्या पूर्णविरामानंतर अंगठा माझ्यावर पडला, ठक-ठक. मोजणारी मी एकटीच.

"सुटी किल्ली देऊ का? वाक्य विसरलीस तर? कागदावर छापून मिळते."

"मी विसरेन? लग्नात कोण कोण रुसलं होतं ते सांगू?"

लेकीने किल्लीचा पर्याय सोडून 'पुढे' दाबलं, लिनक्स बसल्यावर पुस्तक परत आत ठेवलं. आणि चार दिवसांनी तोच पेनड्राइव्ह पुसून दुसऱ्या चाचणीला वापरला.

पुढच्याच आठवड्यात आई खिडकीचा पडदा काढायला स्टुलावर चढली आणि खाली आली. उजवा हात अंगठ्यासकट प्लास्टरमध्ये. छापखान्याने पुस्तक शनिवारी मागितलं होतं, आणि तो गुरुवार होता.

"हरकत नाही," लेक म्हणाली, "वाक्य सांग, मी टाइप करते."

आईने सांगितलं. लेकीने पूर्णविरामानंतर मला एकदा दाबलं. मी आतल्या आत ओरडले. पडदा आठ सेकंद गप्प राहिला आणि मग म्हणाला: चुकीचं.

"तुझ्या कुलपाला एवढा विचार करायला काय लागतं?"

"मुद्दाम केलंय. चोराला कंटाळा यावा म्हणून."

"चोराचं माहीत नाही, मला आलाय."

मोठ्या लिपीत, छोट्या लिपीत, पूर्णविराम गाळून, स्वल्पविराम घालून, लेकीने सत्तर वेळा तरी केलं. आईने डाव्या हाताच्या एका बोटाने केलं. पण ठक-ठक ही अंगठ्याची सवय होती, डाव्या तर्जनीला तिचा पत्ता नव्हता. चुकीचं.

"आई, नीट आठव. शेवटचा शब्द तोच होता ना?"

"तोच. मला वेड लागलंय असं वाटतंय का तुला?"

"मी तसं म्हटलं का?"

"तोंडाने नाही म्हटलंस."

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. "काय बाई, झालं का पुस्तक?" आई प्लास्टरकडे बघत म्हणाली, "शेवटचा हात फिरवतेय." फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिली. लेक तिच्या पायाशी जमिनीवर बसली. "कुलूप मीच लावलं, पेनड्राइव्हही मीच पुसला. त्यांना काय तोंड दाखवू?" आईने डाव्या हाताने तिचे केस सारखे केले, आणि ते वेडेवाकडेच झाले.

मला राहवेना. शुक्रवारी सकाळी मी ठरवलं की आपणच दोनदा उमटायचं. लेकीने दाबल्यावर मी मुद्दाम अडकले. पण पहिल्याच शब्दानंतर अशी अडकले की पडद्यावर ठिपक्यांची रांगच निघाली. उत्साह, दुसरं काय!

"ही कळ अडकतेय!" लेक ओरडली. तिने चमच्याच्या दांड्याने मला उचकटून काढलं, खालून बिस्किटाचा चुरा आणि आईचा एक पांढरा केस बाहेर काढला, स्पिरिटने मला पुसून परत बसवलं. एवढा अपमान आयुष्यात झाला नव्हता. आणि तेवढ्यात दार वाजलं.

आलेली बाई आईची टायपिंग क्लासमधली मैत्रीण. लेक तिला मावशी म्हणते. प्लास्टर बघायला आली होती, पण डोळे टेबलाकडे. "काय चाललंय? सरक गं. तुम्ही आजकालच्या मुली, दोन बोटांनी दाणे टिपल्यासारखं टाइप करता."

आईने तिच्या कानात वाक्य सांगितलं.

"आई! हे कुणाला सांगायचं नसतं!"

"मग तुझ्या कुलपापुढे जन्मभर बसून राहू?"

मावशीने पाठ ताठ केली, मनगटं उचलली आणि खाली न बघता सुरुवात केली. पूर्णविराम आला. तिचा अंगठा माझ्यावर पडला. ठक. मी श्वास रोखला. ठक!

आठ सेकंद. मग संगणक उघडला, आणि तीनशे बारा पानं जिथल्या तिथे होती.

"उघडलं की," मावशी म्हणाली. "बंद आहे म्हणून काय सांगत होतीस? चहा टाक."

आई रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. लेकीने आधी पुस्तकाच्या तीन प्रती काढल्या आणि मगच चहा टाकला. चहा ढवळताना तिने कारण शोधलं: "कळेखाली चुरा होता. चमच्याने साफ केलं म्हणून चाललं."

शनिवारी पुस्तक छापखान्यात गेलं. महिन्याने डॉक्टर पहिली प्रत घेऊन आले. डोळ्यांजवळ धरून पान चाचपत म्हणाले, "उंट आलाय ना आत?" आला होता. पान दोनशे सात.

लेकीने इन्स्टॉलरमध्ये सुधारणा केली. कडक कुलूप निवडलं की आता आधी विचारतो: कीबोर्ड साफ आहे का? मित्रांनी तिची पाठ थोपटली. आईच्या संगणकावर तिने नवा इन्स्टॉलर चालवला आणि आईने नवी दोन वाक्यं घातली, प्लास्टर असल्यामुळे डाव्या तर्जनीने. सुटी किल्ली याही वेळी नको म्हणाली. "आता तर कीबोर्डही धुतलाय."

प्रत दर रविवारी काढायची असं ठरलंय. आज शनिवार आहे. डॉक्टर आता बोलून सांगतात, दुसरा भाग, आणि आईने एका बोटाने या आठवड्यात अठरा पानं केली आहेत. आज सकाळी तिचं प्लास्टर निघालं. अंगठा जरा बारीक झालाय, पण हलतोय. संगणक नुकताच चालू केलाय, कुलूप वाक्य मागतंय. मघापासून ती तो वाकवून बघतेय आणि माझ्याकडे प्रेमाने पाहतेय.

मला चमच्याचा राग नाही. पुन्हा अडकायची हिंमतही नाही. तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात तर आईला माझा एवढाच निरोप द्या, की या वेळी वाक्य बोटाने घातलंय, अंगठ्याने नाही, तेव्हा पूर्णविराम आला की

"अगं, तो कीबोर्ड इकडे दे. बघू तरी, हात विसरलाय का ते!"

आले, आले. तर निरोप लक्षात ठेवा, पूर्णविरामानंतर फक्त ए