काकांच्या छत्रीची गोष्ट

रुग्णालयात मेंदूच्या स्कॅनवरून तंतूंच्या वाटा काढायच्या खोलीत बाईंचा शब्द शेवटचा. मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेने सरकतं ते यंत्र टिपायचं आणि त्यावरून संगणक पांढऱ्या तंतूंच्या वाटा रंगवायचा. पण वाट कुठून धरायची, त्या खुणा माणसानेच करायच्या. खूण जरा हलली की वाटही हलायची. बाई खुणा अंदाजाने करत. "हात बसलाय माझा," म्हणत, आणि त्यावर कोणी काही बोलत नसे.

बोलली ती फक्त नवी सहकारी. सगळ्यांनी ठरलेल्या जागीच खुणा कराव्यात, रुग्णाचं नाव झाकावं, दोघांनी वेगवेगळी वाट काढून मग जुळवून पाहावी, असा तिचा हेका. बाईंनी तिचं नाव फूटपट्टी ठेवलं आणि विषय मिटवला.

बाईंच्या नवऱ्याला बोलण्याची भारी हौस. त्यातही काकांच्या छत्रीची गोष्ट. काका दुसऱ्याची छत्री चुकून घरी आणतात, परत द्यायला जातात आणि तिथून तिसऱ्याचीच घेऊन येतात. प्रत्येक पाहुण्याला हीच गोष्ट, शब्दाला शब्द. बाई तेवढ्यात स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडत.

मग त्याच्याच डोक्यात गाठ निघाली. डावीकडे, बोलणं सांभाळणाऱ्या तंतूंच्या वाटेशेजारी.

"वाट लांब असेल तर सगळी गाठ काढतो," सर्जन म्हणाले. "चिकटून असेल तर थोडी ठेवावी लागेल. नाहीतर बोलणं जाईल."

बाईंनी स्वतः बसून वाट काढली. गाठीपासून चांगली लांब निघाली. त्यांना बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं, म्हणून त्यांनी पुन्हा काढली. आणखी लांब. तिसऱ्यांदा तर वाटेचं आणि गाठीचं जणू सात जन्मांचं वैर. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांचा बसलेला हात घरच्या माणसाची बाजू घेत होता.

त्यांनी नाव झाकलं आणि फूटपट्टीला हाक मारली. "तुमच्या नियमाने काढा."

"कोणाचा स्कॅन आहे?"

"विचारायचं नाही, असा तुमचाच नियम आहे ना?"

फूटपट्टीने वाट काढली. दुसऱ्या खोलीतल्या सहकाऱ्याने, तिची न बघता, वेगळी काढली. दोन्ही वाटा एकमेकींवर तंतोतंत बसल्या, आणि दोन्ही गाठीला चिकटून गेल्या. बाईंनी आपल्या तिन्ही वाटा पुसल्या आणि सर्जनना कळवलं, थोडी गाठ ठेवा.

ऑपरेशननंतर नवरा शुद्धीवर आला, पण बोलेना. बाई खाटेशी बसून राहिल्या. घरी कधी शांतता मिळाली नाही म्हणून त्या आयुष्यभर कुरकुरल्या होत्या. आता ती मिळाली होती आणि त्यांना सोसवत नव्हती.

संध्याकाळी नर्स औषध द्यायला आली. तिच्याकडे बघून तो सावकाश म्हणाला, "आमचे एक काका होते."

बाई मनातल्या मनात शब्द जुळवत गेल्या. पहिली छत्री आली. दुसऱ्या फेरीआधी तो अडखळला, बाईंनी श्वास रोखला. मग तिसऱ्याची छत्री ठरल्या जागी, ठरल्या शब्दांत घरी आली. नर्स हसली. बाई रडल्या.

"अगं, संपली गोष्ट," तो म्हणाला.

"एकदा जुळलं म्हणजे काही सिद्ध होत नाही," बाई डोळे पुसत म्हणाल्या आणि निघालेल्या नर्सला त्यांनी हाताला धरून बसवलं. मग नवऱ्याकडे वळल्या. "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."