नखरेल अक्षरातली पाटी

पाट्या आणि पत्रिका छापणाऱ्या बाईंच्या हाती 'नखरेल' नावाचा नवा फाँट लागला आणि त्यांचं डोकंच फिरलं. त्यातली वेलांटी पिसासारखी झुकायची, उकार तीन वेढे घेऊन मगच थांबायचा, आणि साधा काना उभा राहायचा तोसुद्धा कंबर लचकवून. पुतणीच्या लग्नाची पत्रिका त्यात इतकी देखणी उतरली की नवरदेवापेक्षा तिचंच कौतुक जास्त झालं. मग बाईंना काही धरबंध राहिला नाही. गॅरेजचा बोर्ड नखरेलमध्ये, नळ दुरुस्त करणाऱ्याचं कार्डही नखरेलमध्ये. त्या बिचाऱ्याला लोक फोन करून अदबीने विचारू लागले, "गाण्याचा कार्यक्रम कराल का?"

अशात बाईंचे मामा दुकानात आले. एकटा जीव, आणि माणसांची ॲलर्जी.

"फाटकावर पाटी हवी. 'कुत्रा चावतो.' कोणी फिरकता कामा नये!"

बाईंनी पाटीत जीव ओतला. 'कु'चा उकार वेलीसारखा कडेपर्यंत पसरला, 'तो'वरची मात्रा सोनेरी झाली. मामा चष्मा घरी विसरले होते. त्यांनी पाटी काखेत मारली आणि नेऊन ठोकली.

आठवडाही झाला नसेल, मामांचा फोन. "आत्ताच्या आत्ता ये!"

बाई धावतपळत गेल्या. अंगणात झाडाखालच्या टेबलाशी एक तरुण जोडपं ऐसपैस बसलेलं. शेजारी व्हायोलिनची पेटी घेतलेल्या एक बाई. आणि चावणारा कुत्रा त्यांच्या पायाशी उताणा पडून पोट खाजवून घेत होता.

"मामा, ही मंडळी कोण?"

"मला काय विचारतेस? त्यांनाच विचार!"

"कॅफेचं नाव फार आवडलं आम्हाला," तरुण म्हणाला. "काहीतरी हटके."

"अहो, ते नाव नाही, इशारा आहे!" बाई म्हणाल्या.

"इतक्या सुंदर अक्षरात कोणी इशारा देतं का?"

तेवढ्यात आतून मामा तणतणत चहाचा ट्रे घेऊन आले. "उठा म्हटलं तर म्हणतात, सावकाश होऊ दे, आम्हाला घाई नाही!"

बाई ओशाळल्या. "मामा, चुकलंच माझं. उद्याच जाड, ठोकळ्या अक्षरात नवी पाटी देते. चिटपाखरू फिरकणार नाही."

मामा काही बोलणार, तोच व्हायोलिनवाल्या बाई म्हणाल्या, "असा चहा मी जन्मात प्यायले नव्हते हो. अजून अर्धा कप मिळेल?"

मामांचे कान लालभडक झाले. त्यांनी भाचीला कोपऱ्यात ओढलं.

"पाटी राहू दे. तिच्याखाली आणखी एक लाव. 'वेळ: चार ते सहा.'"

"ती तरी साध्या अक्षरात करू ना?"

"छे! मग लोक दवाखाना समजून खोकत येतील," मामा म्हणाले, आणि दूध आणायला आत पळाले.