चौदा नंबर कुणाच्या हातात?

काखेतला थर्मामीटर तीनदा टिट्‌टिट् वाजला आणि आईने तासभर जपलेली घरातली शांतता मोडली. लेकीने झोपेतच नाक मुरडलं. आईने थर्मामीटर खिडकीच्या उजेडात धरला. नव्याण्णव पॉइंट सहा.

"नव्याण्णव म्हणजे काही ताप नव्हे," ती पुटपुटली. ऐकायला कुणी नव्हतं. नवरा मालाच्या ट्रकबरोबर चार दिवसांसाठी बाहेरगावी गेला होता. तिने कपाळाला हात लावून पाहिला, मग गाल लावून पाहिला. आईचा गाल थर्मामीटरपेक्षा जुना. तो म्हणाला, आहे. पण रजा एकही शिल्लक नव्हती. मागच्या महिन्यात कान दुखला तेव्हा तीन गेल्या, त्याआधी कांजिण्यांत आठ.

लेक साडेपाच वर्षांची. कागदोपत्री नाव वेगळं, पण घास गालात दाबून ठेवायची सवय, म्हणून घरात ती खारूताई. दोन वर्षांची असताना तापात तिला झटका आला होता. दीड मिनिट. डोळे वर गेलेले, ओठ निळे. डॉक्टर म्हणाले होते, "पाच-सहा वर्षांनंतर बहुतेक मुलांचं हे जातं." तो 'बहुतेक' तेव्हापासून आईच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून होता.

तिने चमचाभर औषध पाजलं, दोन पोळ्यांवर साखर पसरून गुंडाळी केली, आणि लेकीची लोकरी टोपी कपाळावर जरा जास्तच खाली ओढली. शाळेच्या दारात बाई कपाळाला हात लावतात. ताप असलेलं मूल आत घेत नाहीत.

स्कूटरवर लेक पुढे उभी, आईच्या दोन हातांच्या कुंपणात. पहिल्याच चौकात गाड्यांची शेपटी. पुढच्या बसचा धूर, डाव्या बाजूला हॉर्नवर अंगठा ठेवून जणू झोपी गेलेला कुणी एक, उजवीकडे मोटारीत बसल्या बसल्या ओठ रंगवणारी बाई.

"आई, कर ना हिरवा."

"आत्ता मी कामावर नाही गं."

"मग कामावर गेलीस की कर. संध्याकाळी. माझ्या बसला."

"दिवे सगळ्यांचे असतात, खारू. एकट्याचे नसतात."

हे त्यांचं रोजचं. लेक रोज मागायची, आई रोज हेच सांगायची, आणि दिवा त्याच्या मर्जीने बदलायचा. शहरातले सिग्नल जिथून हलतात त्या कंट्रोल रूममध्ये आई नोकरीला होती, आणि तरी रोज सकाळी पंचवीस मिनिटं तिचीच स्कूटर तांबड्या दिव्यासमोर तिष्ठत असे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

शाळेच्या दारात बाई दुसऱ्या एका रडणाऱ्या मुलाला उचलून घेत होत्या. टोपीकडे कुणी पाहिलं नाही. आई "येते हं" म्हणाली आणि चोरासारखी भरभर निघाली.

कंट्रोल रूम म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची खिडकी नसलेली खोली. भिंतभर पडदे, एकेका पडद्यावर एकेक चौक. गाड्या दिसतात, माणसं दिसतात, हातवारे दिसतात. ऐकू काही येत नाही. कॅमेऱ्यांना कान नसतात. पाच वाजता सगळं शहर एकदम घरी निघालं की भिंतीवर मुक्यांची जत्रा भरते. तोंडं उघडमीट करतात, मुठी उगारल्या जातात, आणि खोलीत फक्त पंख्याची घरघर.

तिच्या शेजारच्या टेबलावर शिट्टीकाका. सव्वीस वर्षं चौकात शिट्टी फुंकून झाल्यावर इथे बसवलेले. "माझा गुडघा चौकात राहिला, उरलेला मी इथे आलो," असं नव्या माणसाला आल्या दिवशी सांगायचे. वायरलेस त्यांच्याकडे. आगीचा बंब, ॲम्ब्युलन्स, मोडकी बस, सगळ्यांच्या हाका त्यांच्या कानाशी. पलीकडच्या कोपऱ्यात तिसरी एक मुलगी, नवीन, कामाला लागून दोन महिने झालेली.

दिवे एरवी आपोआप बदलतात. कोंडी फारच झाली तर चौक 'हाती' घेता येतो. मग हिरवा किती धरायचा ते बटणावर. पण काकांनी खोलीला एक शिस्त लावली होती. चौक हाती घेण्याआधी मोठ्याने बोलायचं. "बावीस नंबर हाती घेते!" म्हटलं की काकांनी वायरलेसवर कान देऊन "घे" म्हणायचं किंवा "थांब". त्यांच्या "घे"शिवाय बटणाला बोट नाही. नव्या मुलीला सुरुवातीला हसू यायचं.

"हसू नकोस पोरी," काका म्हणाले होते. "चौकात आम्ही दोघं होतो. मी इकडचे सोडले, त्याने तिकडचे. तोंडाने सांगितलं असतं तर दोन माणसं वाचली असती. आधी बोल, मग बटण."

पाच वाजून दहा मिनिटांनी आईचा फोन थरथरला. शाळेच्या बसमधल्या ताई.

"अहो, तुमची छोकरी दोनदा ओकली हो. अंग नुसतं भाजतंय. सकाळपासून होतं का काही?"

आईच्या जिभेवर 'नाही' आलं होतं. ते तिने गिळलं. "थोडं होतं. कुठे पोचलात?"

"कुठलं पोचतोय! मोठ्या पुलाच्या उतारावर, वीस मिनिटं झाली, चाक हललेलं नाही. आणि अहो, ती डोळे कसेसेच करतेय. हाक मारली तर बघत नाही धड."

"कसेसेच म्हणजे? वर जातायत का? ताई, वर जातायत का?"

फोन खरखरला आणि तुटला. परत लावला. लागेना.

बस रोज संध्याकाळी लेकीला याच इमारतीच्या फाटकाशी सोडायची. समोरच दवाखाना. मोठा पूल ते फाटक, मध्ये एकच चौक. चौदा नंबर. तिच्याच टेबलावरचा.

पडद्यावर बस होती. पिवळी, मागच्या काचेला चिकटवलेल्या कागदी फुलासकट. चौकापासून अकरा गाड्या मागे. त्या काचांच्या आत कुठेतरी तिची खारू होती, डोळे कसेसेच करत, आणि पडद्यावर बस एवढीशी होती, आगपेटीएवढी. बोटाने उचलून अलीकडे ठेवावी.

तिने आडव्या रस्त्याच्या पडद्यावर नजर टाकली. सगळ्यात पुढे एक उंच मालट्रक. त्याच्यामागचं काही दिसत नव्हतं. असेल तीच रांग, रोजचीच.

बोलायला हवं होतं. पण "चौदा नंबर हाती घेते" म्हटलं की काका विचारणार, का? आणि 'का'चं उत्तर सकाळच्या थर्मामीटरपासून सुरू होत होतं. काका वायरलेसवर कुठल्यातरी बंद पडलेल्या बसवाल्याशी बोलत होते. तिने बोट ठेवलं. पडद्याच्या कोपऱ्यात छोटी पिवळी चौकट उमटली: हाती.

बसच्या बाजूच्या लांब रस्त्याला साठ सेकंद हिरवा मिळायचा. तिने तीन मिनिटं धरला.

गाड्या सरकल्या. बसच्या पुढे आठ उरल्या. सहा. मग पुलाच्या उतारावर कुणाची तरी मोटार आडवी आली आणि सगळं पुन्हा थिजलं. "हल रे बाबा," ती दातांतून म्हणाली, "हल ना मेल्या." आडव्या रस्त्यावर एक स्कूटरवाला उतरून कमरेवर हात ठेवून दिव्याकडे बघत उभा राहिला होता. ट्रकवाल्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं होतं, मागे बोट दाखवून तो काहीतरी ओरडत होता. रोज ओरडतात. तिने आडव्या रस्त्याला दहा सेकंद टाकले, दारातल्या भिकाऱ्याला टाकावे तसे. ट्रक गुरगुरून हलेपर्यंत पुन्हा तांबडा. पुन्हा लांब रस्ता, पुन्हा दोन मिनिटं. चार गाड्या उरल्या. दोन. पिवळी बस पांढऱ्या पट्ट्यांवर आली, चौकाच्या मध्यावर आली, पलीकडे गेली.

तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. आणि त्याच वेळी काकांची खुर्ची करकरली.

"चौदा नंबरच्या आडव्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्स आहे," ते म्हणाले. "ड्रायव्हर म्हणतोय, पाच मिनिटं सायरन वाजवतोय, समोर दिवा तांबडाच. आपोआप असताना असं होईल कसं?" ते वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि पिवळ्या चौकटीकडे पाहिलं. "चौदा नंबर कुणाच्या हातात आहे?"

नव्या मुलीने घाबरून आपले दोन्ही हात टेबलावरून वर उचलले.

"माझ्या," आई म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "सोड."

तिने सोडला. त्यांनी स्वतः हाती घेतला, मोठ्याने सांगून, रिकाम्या खोलीला सांगावं तसं. "चौदा नंबर हाती घेतो. आडवा रस्ता हिरवा." ट्रक हलला, डावीकडे दबला, आणि त्याच्यामागून ती निघाली. पांढरी, छतावर दिवा गरगर फिरवत, मुकी. चौक ओलांडून पडद्याच्या कडेबाहेर गेली.

"मला सांगायचंस," काका एवढंच म्हणाले.

"माझी मुलगी होती बसमध्ये. ताप... तिला पूर्वी झटका..."

"मला सांगायचंस गं." आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "मी काय नको म्हणालो असतो? आधी ती काढली असती, मग ही. एका मिनिटाचं काम होतं."

  खाली फाटकाशी बस आली असणार. काकांनी दाराकडे हनुवटी केली. "जा. लेकीला बघ. मशीनने सगळं टिपलंय, उद्या साहेब विचारतील. खरं सांग, वळणं घेऊ नकोस."

दाराशी ती वळली. "काका, ती... पोचली का?"

काकांनी वायरलेस कानाशी धरला, ऐकलं, खाली ठेवला. "हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोचली. पुढचं आपल्याला कुणी कळवत नाही. सव्वीस वर्षांत कधी कळवलं नाही."

लेक बसच्या पायरीवर ताईंच्या कडेवर होती. तिने आईला पाहिलं आणि मलूल हसली. डोळे जागच्या जागी होते, फक्त जड. "झोपाळली होती हो," ताई ओशाळून म्हणाल्या, "मी उगाच घाबरवलं तुम्हाला." समोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी घसा पाहिला, पोट दाबलं. एकशे एक. घसा लाल. "काळजीचं काही नाही. घरी न्या, पाणी पाजत राहा."

काळजीचं काही नाही. आई ते वाक्य ऐकून भिंतीला टेकली. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्याला धरून दुसरंच काहीतरी आत शिरलं.

स्कूटर तिथेच ठेवून तिने टॅक्सी केली. लेक मांडीवर, डोकं छातीशी, टोपी आता काढून टाकलेली. कपाळ उघडं, ऊन. पाच मिनिटांत टॅक्सी थांबली. पुढे गाड्यांची शेपटी, आणि तिच्या टोकाला चौदा नंबर.

"बघा, बघा!" ड्रायव्हर स्टिअरिंगवर तळवा आपटून म्हणाला. "आज तर कमालच केली लेकाच्यांनी. मघाशी मी आडव्या रस्त्यावर अडकलो होतो, दहा सेकंद हिरवा! दहा! वर बसून पेंगतात की काय, देव जाणे."

आई लेकीचे केस बोटांनी मागे सारत राहिली. काचेवर तांबडा उजेड पडला होता, लेकीच्या गालावरही.

"आई," लेक छातीत तोंड खुपसून म्हणाली, "आज आमच्या बसला हिरवा मिळाला. खूप वेळ. तू केलास ना?"

आईने रस्त्याकडे पाहिलं. "हो."

"माझ्यासाठी?"

"हो गं."

लेक समाधानाने आणखी आत शिरली. आईला वाटलं, झोपली. मग ती पुन्हा बोलली, डोळे मिटूनच.

"तिकडे ट्रकच्या मागे एक पांढरी गाडी होती. मी खिडकीतून पाहिली. दिवा गोल गोल फिरत होता आणि खूप ओरडत होती. ताई म्हणाल्या, आत कुणीतरी आजारी असेल." तिने थोडा विचार केला. गालात घास असावा तसा एक गाल फुगवला, मग सोडला. "ती ओरडत होती तरी तिला हिरवा नाही मिळाला."

पुढच्या गाड्या सरकू लागल्या होत्या. ड्रायव्हरने गिअर टाकला.

"आई, तिच्यासाठी कुणाच्या आईने करायचा होता?"